तिसऱ्या मात्रेची जागा

सोमवारी दुपारी चार वाजून सात मिनिटांनी ती तिसऱ्या मात्रेवर श्वास घ्यायला गेली आणि तिथे जागाच नव्हती. रोजच्या खुर्चीवर न बघता टेकावं आणि कुणीतरी ती वीतभर सरकवून ठेवलेली असावी, तसं झालं. ती पडली नाही. तीस वर्षं माइकसमोर काढलेलं माणूस असं पडत नाही; तिने अर्धी ओळ गिळली, चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच ठेवलं आणि पुढची ओळ उचलली. पुढच्या आवर्तनात पुन्हा तेच. ठेका पुढे निघून गेला आणि ती उघड्या तोंडाने मागे राहिली. समोर सात नंबरच्या खोलीत एक नवराबायको गादीवर शेजारी शेजारी उताणे पडून छताकडे बघत होते. त्यांना काही कळलं नाही. चौथ्या मजल्यावर कुणालाच काही कळलं नाही, आणि हेच तिला जास्त लागलं.

हा फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाचा मजला. इथे अठरा खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीला तीनच भिंती. कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसत्या चिकटवलेल्या पाठी, भिंतीवरचा टीव्ही पुठ्ठ्याचा, आणि खिडकीच्या पडद्यामागे ट्यूबलाइट, त्यामुळे तिथे बाराही महिने सकाळचे अकरा वाजलेले असायचे. नळ होते, पाणी नव्हतं. सोमवार ते शनिवार, दुपारी चार ते सहा, लिफ्टच्या डाव्या हाताला नऊ आणि दहा नंबरच्या खोल्यांमधल्या मोकळ्या जागेत ती उंच स्टुलावर बसून गायची. पुढ्यात छोटा कीबोर्ड, माइक, स्टँडवर टॅबलेट आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की टॅबलेट ऐकायला लागतो. पुन्हा दाबलं की ऐकलेलं तेवढंच गोल गोल म्हणत राहतो. मग त्यावर कीबोर्डचा एक थर, त्यावर स्वतःच्याच हुंकाराचा एक, कधी त्याला धरून खालच्या सुरातला आणखी एक, आणि सगळ्यांच्या वर बसून ती खरीखुरी गाणारी. लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं चार-पाच माणसं आहेत. जवळ यावं तर एक बाई आणि एक पाटी. लहान मुलं तिच्या स्टुलामागे वाकून बाकीची माणसं शोधायची. सगळ्यांत खालचा थर मात्र ती तिथे करत नसे. तो आधीच भरून ठेवलेला होता. चार मात्रांचा साधा ठेका, लाकडी खोक्यावर तळव्यांनी वाजवलेला. तो तिचा नव्हता. तिच्या भावाचा होता, आणि तो रोज इथे वाजतो हे तिने भावाला कधी सांगितलं नव्हतं.

दोन तास तिने कसेबसे ओढून नेले. सहाला माइक पिशवीत घालताना हात जड झाले होते, आणि बसमध्ये बसल्यावर ती लगेच स्वतःचे श्वास मोजायला लागली. एकोणसाठावं चालू होतं. या वयात एकेक गोष्ट न सांगता निघून जाते हे तिला माहीत होतं. आधी सुईत दोरा ओवणं गेलं, मग वरचा षड्ज गेला, मग जिना एका दमात चढणं गेलं. अर्थात हे शेवटचं तिला कधी आलंच नव्हतं. आता गाता गाता श्वास घेणंही गेलं असेल तर मग राहिलं काय? तिने खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघितलं आणि काचेतली बाई तिला कंटाळलेली दिसली. घाबरलेली नाही, कंटाळलेली. घाबरायलाही अंगात थोडा उत्साह लागतो. घरी गेल्यावर तिने वाफ घेतली, कोमट पाणी प्यायली, छातीला हात लावून आरशासमोर आ वासून उभी राहिली. आवाज ठीक होता. आ लांब चालला, अगदी नेहमीएवढा. म्हणजे छाती होती तिथेच होती, गाणंही होतं, मग मधली जागा कुणी पळवली?

छाती हा तिचा जुना दुखरा विषय. नवव्या वर्षी ती चार महिने अंथरुणात होती, आणि उठली ती अर्धीच उठली असं आई म्हणायची. ते तेव्हा एका इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नव्हती. शाळेतून येताना प्रत्येक वळणावर तिला थांबावं लागे, आणि थांबलेलं कुणाला दिसू नये म्हणून ती चपलेचा पट्टा नीट करायची, दप्तरात काहीतरी शोधायची. कुणी विचारलं, दम लागला का गं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा शेजारच्या काकूंनी तिचं दप्तर उचलून घेतलं तर ती त्यांच्या हाताला चावली होती. भाऊ पाच वर्षांनी लहान. बारक्या. तो तिच्याबरोबर जिना चढायचा, पण तिच्याबरोबर नाही, दोन पायऱ्या पुढे. ती वळणावर थांबली की तो पुढे पाठमोरा उभा राहून कठड्यावर बोटांनी टकटक करत बसायचा. मागे वळून बघायचा नाही, काही बोलायचा नाही. चल लवकर असंही नाही. तिला तेव्हा वाटायचं, हे पोर मुळातच रेंगाळणारं आहे.

रेंगाळणारं आहे हेच ती पुढे सत्तावीस वर्षं म्हणत आली. बारक्याने चोविसाव्या वर्षी एका मोडक्या कपाटाच्या फळ्या घेऊन स्वतः ते खोकं बनवलं, त्यावर बसून दोन पायांमध्ये तळवे आपटायला लागला, आणि हॉटेलं, क्लब, कंपन्यांचे मेळावे, जहाजावरचं जेवणाचं दालन, जिथे जिथे लोक खाता खाता ऐकतात तिथे तिथे दोघं गेले. ती उभी, तो तिच्या गुडघ्याच्या उंचीवर बसलेला. त्याची तिसरी मात्रा उशिरा यायची. फार नाही, केसभर. ऐकणाऱ्याला कळणार नाही, पण तिला कळायचं, आणि एकदा कळलं की दुसरं काही ऐकू यायचं नाही. प्रत्येक कार्यक्रमानंतर, परतीच्या प्रत्येक गाडीत, ती त्याला सांगायची. आधी समजावून, मग टोमणे मारून, मग नुसतं तीन बोटं वर करून. त्याचं उत्तर ठरलेलं. "मी उशीर करत नाही, तू घाई करतेस." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघायचा. एका वर्षी तिने त्याला घड्याळासारखं टिकटिक करणारं तालयंत्र आणून दिलं. त्याने ते घेतलं, आभारही मानले, आणि त्याच रात्रीच्या कार्यक्रमात तिसरी मात्रा आपली केसभर उशिराच आली. पालथ्या घड्यावर पाणी, असं तिने सगळ्यांसमोर म्हटलं होतं. आता ते आठवलं की कुठेतरी आत काहीतरी बोचायचं. तेव्हा मात्र बरं वाटलं होतं.

मग हॉटेलांनी माणसं कमी केली, क्लब बंद पडले, आणि तीन वर्षांपूर्वी हे दुकान मिळालं. दुकानाला एकच माणूस हवा होता. दोन माणसं बसली तर एक खोली कमी होईल, असं मॅनेजरने हसत हसत सांगितलं आणि तो विनोद नव्हता. तिने बारक्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, घे तू. एवढंच. त्याने मागून एका व्यापारी इमारतीच्या जिन्याखाली किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं. हाताला ठोकायची सवय होती, कानसही चालवता येऊ लागली. टॅबलेट घेतल्यावर तिने आधी स्वतः ठेका भरून बघितला, पण तिचे हात ठेक्याला दगड. बाजारातले तयार ठेकेही लावून बघितले. त्यांच्यावर गाताना सरकत्या जिन्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. तेव्हा एका रविवारी बारक्या तिच्या दाराचं कुलूप बसवायला आला, खोकं त्याच्या गाडीत होतंच, आणि तिने चहा टाकता टाकता म्हटलं, जरा चार आवर्तनं वाजव रे, हे मशीन तपासायचंय. तो वाजवत होता, ती ओट्याशी उभी राहून गुणगुणत होती, पाय पेडलवर. झालं का तपासून, त्याने विचारलं. झालं, ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती चार आवर्तनं कामाला लागली. सांगायचं आधी लाजेने राहिलं, मग उशीर झाला म्हणून राहिलं, आणि पुढे पुढे तर सांगायचं काय होतं हेच अंधुक झालं. दोघं एकमेकांशी भांडले नव्हते. वाढदिवसाला फोन होत होते. फक्त तीन वर्षांत ती त्याच्या दुकानावर कधी गेली नव्हती.

मंगळवारी आणखी वाईट झालं. आता तिसरी मात्रा येणार हे आधीच कळायचं आणि अंग आधीच चोरलं जायचं. पाचच्या सुमाराला मॅनेजर येऊन दहा नंबरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसला, पायावर पाय टाकून ऐकत राहिला, आणि गाणं संपल्यावर जवळ येऊन अगदी सौम्यपणे म्हणाला, आवाज दमल्यासारखा येतोय. गिऱ्हाईक इथे अंग टाकून बघायला येतं; त्याला धाप ऐकू आली तर ते गादीवरून उठून बसतं. या आठवड्यात बरं वाटलं नाही तर सांगा, आपण आपलं रेकॉर्ड लावू. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिच्यासाठी पाण्याचा ग्लासही मागवला, पण चौथ्या मजल्यावर पाणी खालून यायचं आणि ते येईपर्यंत सहा वाजून गेले होते.

सहानंतर वायरमन आला. दुकानातल्या ट्यूबलाइटा, लिफ्ट, स्पीकर, सगळं एकट्याच्या गळ्यात. सदा स्क्रूड्रायव्हर खिशात आणि सदा दुसऱ्याच्या मदतीला. शनिवारी टॅबलेट मधेच अडकत होता तेव्हा तिनेच त्याच्या हातात दिला होता, जरा बघून ठेवा म्हणून. तर आता तो स्टुलाला रेलून शाबासकीची वाट बघत उभा राहिला. मशीन हलकं झालं ना, त्याने विचारलं. झालं, ती म्हणाली. मग त्याने आनंदाने सगळं सांगितलं. जुना कचरा काढला, नवीन आवृत्ती टाकली, आणि ऐकता ऐकता त्याच्या असं लक्षात आलं की खालच्या ठेक्यात दोष आहे. तर नव्या आवृत्तीत एक सोय आहे, बटण दाबलं की एकेक ठोका ओळीत जाऊन बसतो, शाळेतल्या पोरांसारखा.

"तिसऱ्याला लंगडत होता तुमचा ठेका. सरळ केला," तो म्हणाला. "आणि मागे कुणीतरी बारीक गुणगुणत होतं, तेही पुसलं. आता कसं स्वच्छ वाटतं."

तिने विचारलं, जुना कुठे आहे. तो म्हणाला, त्याच्याच जागी नवा ठेवलाय, उगाच दोन-दोन कशाला. तिने मान हलवली आणि वर त्याला, बरं केलंत, असं म्हटलं. म्हणजे ते तोंडातून आपोआपच गेलं, दार लावून घ्यावं तसं. तो गेल्यावर ती पाच नंबरच्या खोलीतल्या सोफ्यावर जाऊन बसली. समोर पुठ्ठ्याचा टीव्ही. हेडफोन लावून तिने तो सरळ ठेका ऐकला. एक, दोन, तीन, चार. सत्तावीस वर्षं तिने हाच तर मागितला होता. तळवा बारक्याचाच होता, लाकूड तेच, चवथ्यावर करंगळीच्या अंगठीचा बारीक खट्ट तोही तसाच. फक्त तिसरी मात्रा आता शहाण्यासारखी वेळेवर येत होती. आणि तिला हळूहळू, जिना चढावा तसं थांबत थांबत, कळत गेलं की ती आयुष्यभर त्या केसभर उशिरातच श्वास घेत आली होती. तो उशीर म्हणजे तिची खिडकी होती, आणि ती खिडकी बंद कर म्हणून ती रोज ओरडत होती. सोफा चांगला होता. उठावंसं वाटेना.

बुधवारी सकाळी ती टॅबलेट आणि पेडल पिशवीत घालून बारक्याच्या दुकानावर गेली. जिन्याखालची जागा, माणूस उभा राहिला तर डोकं पायरीला लागेल अशी. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, मशीनभोवती पितळेचा भुगा, आणि बारक्या बसला होता तो खोक्यावरच. तेच खोकं, पुढची फळी तळव्यांनी काळी पडलेली, वर आता फाटकी उशी. तिला बघून तो उठला नाही, उठण्यासारखं तिथे काही नव्हतंच. ये, म्हणाला आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. केस पांढरे झाले होते, वाढदिवसाच्या फोनवर ते दिसत नाही. काउंटरपाशी एक बाई किल्ली घेऊन उभी होती आणि तो तिला सांगत होता की ही नक्कल आहे, नकलेवरून काढलेली किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही, घरी जाऊन मूळची घेऊन या. बाई वैतागून म्हणाली, मूळची हरवलीय. मग कुलूपच काढून आणा, तो म्हणाला, आणि ती तोंड वाकडं करून निघून गेली.

काय विशेष, त्याने विचारलं. तिने बसमध्ये तीन-चार प्रकारे सुरुवात ठरवून ठेवली होती. त्यातली एकही न वापरता तिने पिशवीतून टॅबलेट काढला, काउंटरवर चाव्यांच्या पसाऱ्यात उभा केला आणि तीन वर्षांपूर्वीचंच खोटं पुन्हा सांगितलं. चार आवर्तनं वाजव रे, मशीन तपासायचंय. त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग हात पॅंटला पुसले, उशी काढून बाजूला ठेवली, खोक्यावर नीट बसला आणि वाजवलं. ती गप्प उभी, पाय पेडलवर. एक, दोन, तीन, चार. तिसरी मात्रा वेळेवर. दुसरं आवर्तन, वेळेवर. चारही आवर्तनं पट्टीने आखल्यासारखी. तिने पुन्हा वाजवायला लावलं, आणि पुन्हा तसंच आलं. म्हणजे यंत्रातलं पुसलं गेलं ते गेलंच, पण हातातलंही गेलं. तीन वर्षं किल्ल्या कापून कापून हात सुधारला असणार, आणि सुधारण्याचा धोशा लावला होता कुणी, तर तिनेच.

"असं नको. नेहमीसारखं वाजव," ती म्हणाली.

"नेहमीसारखं म्हणजे?"

"उशिरा."

तो हसला. मोठ्याने नाही, खांदे हलले आणि पितळेचा भुगा शर्टावरून सांडला. त्याने तिला स्टुलावर बसायला सांगितलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला आणि विचारलं, तुझ्या दुकानातलं गेलं वाटतं. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने चहाचं झाकण काउंटरवर ठेवलं. बारक्या इकडे कानशीचे दात खरवडत सांगत होता, सहज, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसा. गुरुवारी त्याचं दुकान बंद असतं. पहिल्याच वर्षी एकदा गेला होता ताईचं काम बघायला, लिफ्टमधून बाहेर पडला तर स्वतःच ऐकू आला. तिथून तोंडावर पडल्यासारखा परत फिरणार होता, पण पलंग विकणाऱ्याने हाताला धरून अकरा नंबरच्या खोलीत नेलं, बूट काढायला लावले आणि गादीवर झोपवलं. गादी चांगली आहे. तेव्हापासून जमेल त्या गुरुवारी तो तिथे जाऊन पडतो, अकरा नंबरात, तिला पाठमोरा. पलंगवाल्याला अजून वाटतं हे गिऱ्हाईक मन पक्कं करतंय.

"तीन वर्षं माझे हात तुझ्याकडे कामाला होते," तो म्हणाला. "रजा नाही, आजारपण नाही. मी घरी तापाने पडलेलो असलो तरी तिकडे माझं चालूच."

ती म्हणाली, तू बोलला नाहीस. तो म्हणाला, तूही नाहीस. वरून कुणीतरी जिना उतरत गेलं, पायऱ्यांतून थोडी धूळ पडली, दोघांनी एकदमच चहावर हात धरला. तिला खूप लाज वाटत होती आणि त्या लाजेतही एक थकवा होता, जणू लाजसुद्धा ती फार लांबून उचलून आणत होती. शेवटी तिने वायरमनचं सांगितलं, सरळ केलेल्या ठेक्याचं, मॅनेजरच्या पाण्याच्या ग्लासाचं, आणि हेही सांगून टाकलं की तिला त्यावर श्वास घेता येत नाही. तुझा तो दोष मला परत हवाय, ती म्हणाली, आणि तुझ्या हातातून तर तो गेलाय. बारक्याने कानस खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर थोडा राग दिसला, या सगळ्या बोलण्यात पहिल्यांदाच.

"माझ्या हातात तो कधी नव्हताच," तो म्हणाला. "मी एकटा वाजवतो तेव्हा सरळच वाजतं. तू श्वास घ्यायचीस, तेवढा मी थांबायचो."

तिने टॅबलेट स्वतःकडे ओढला. तो बोलतच होता.

"आईने सांगून ठेवलं होतं, तिला दम लागतो, तू पुढे पळू नकोस. पण थांबतोयस हे कळू देऊ नकोस, तिला राग येतो."

"मग मी एवढं बोलायचे तेव्हा सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू श्वासच घेतला नसतास."

एक गिऱ्हाईक आलं, तिजोरीची किल्ली होती, बारक्या मशीनकडे वळला. मशीनच्या किंचाळण्यात ती स्टुलावर बसून राहिली आणि तिला पाचव्या मजल्याचा जिना दिसत होता, वळणावर वाकून चपलेचा पट्टा ओढणारी एक मुलगी, आणि दोन पायऱ्या वर तिच्याकडे पाठ करून कठड्यावर बोटं वाजवणारा चार-पाच वर्षांचा पोरगा. तिने परतीच्या गाड्यांतल्या सगळ्या तीन बोटांची आठवण काढली. पालथ्या घड्याचीही. गिऱ्हाईक गेल्यावर तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते, आणि टॅबलेट त्याच्याकडे सरकवून म्हणाली, मी गुणगुणते, तू वाजव, पुन्हा भरून घेऊ. बारक्याने टॅबलेटकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि उशी उचलून परत खोक्यावर ठेवली. नको, तो म्हणाला. यात आता नको. का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण तीन वर्षांपूर्वी चहा टाकता टाकता गमावला, असं तिला वाटलं. निघताना तो म्हणाला, सावकाश जा, पुढच्या पायरीचा कोपरा तुटलाय.

बुधवारची दुपार तिने सरळ ठेक्यावर काढली. वरचे थर पातळ केले, गाण्याच्या ओळी तोडून तोडून छोट्या केल्या, निम्मा वेळ नुसता कीबोर्ड वाजवला. मॅनेजर दोनदा लिफ्टपाशी येऊन उभा राहिला आणि परत गेला. गुरुवारी तिला जायचंच नव्हतं. तरी चारला पाच कमी असताना ती स्टुलावर होती, कारण न जाणं हेही एक कामच होतं. अकरा नंबरची खोली तिला मान वळवली तरच दिसायची. तिने ती वळवली. पलंग रिकामा, चादर ताणलेली, दोन्ही उशा जागेवर. तिने पेडल दाबलं. एक, दोन, तीन, चार. पहिल्या गाण्यात तिसऱ्या ओळीपाशीच दम सरला आणि शेवटचा शब्द नुसता हवेचा निघाला; दहा नंबरात टेबलाचे पाय तपासणाऱ्या एका म्हाताऱ्याने वर बघितलं. लिफ्टपाशी मॅनेजरने घड्याळ बघितलं. तिने आणखी एक गाणं रेटलं. मग पाय उचलला आणि पेडलवर ठेवून सगळं बंद केलं. मजल्यावर पहिल्यांदाच शांतता झाली. पडद्यामागच्या ट्यूबलाइटा बारीक आवाज करतात, हे तिला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

घरी जावं, असं तिच्या मनात आलं. टॅबलेट मिटून पिशवीत घालायला तिने हात लांबही केला होता. पण गाणं अर्धं राहिलं होतं, आणि अर्धं गाणं तोंडात घेऊन बसमध्ये बसणं तिला जमलं नसतं, म्हणून तिने ते पूर्ण करायचं ठरवलं, खाली काही नसताना, नुसत्या गळ्याने. पहिल्या ओळीचे दोन शब्द झाले असतील. मागून कुठून तरी एक ठोका आला. बुटका, लाकडी, आणि शेवटाला अंगठीचा खट्ट. तिने मान वळवली नाही. पाठोपाठ पलंगवाल्याचा आवाज ऐकू आला, अदबीचा आणि अडीच वर्षांच्या आशेचा, साहेब, आज नक्की करायचं ना? आणि त्यावर बारक्याचा, जरा थांबा, फळी ठोकून बघतोय, पोकळ आहे का ते कळायला हवं. पलंगवाला थांबला असावा. उशाकडच्या फळीवर दोन्ही तळवे बसले, आणि ठेका चालू झाला.

ती गात राहिली. पहिली मात्रा आली, दुसरी आली. तिने तोंड उघडलं. मागे कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय हे आज तिला माहीत होतं, आणि आज तिला राग आला नाही. चपलेचा पट्टा नीट करण्याचं सोंग न करता, घाई न करता, तिने छाती भरेपर्यंत श्वास घेतला. बाकीचे पाच दिवस काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. मॅनेजर लिफ्टपाशी उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिसरी मात्रा उशिरा आली.